नामदेवरावांच्या चार फळ्या

शनिवार, १४ जून. सकाळी साडेदहा. जागा: कॉलेजच्या वर्कशॉपमागची पत्र्याची शेड.

उपस्थित: इंदूबाई लोकरे (नामदेवरावांच्या पत्नी), मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी चरण आणि मेघना, वर्कशॉपचे सध्याचे इन्स्ट्रक्टर महादेवय्या, मी, विद्यार्थी प्रकल्प कार्यालयाची समन्वयक. फोनवर, बन्नूरहून: भाग्या. अनुपस्थित: नामदेवराव लोकरे.

शेवटचं नाव सवयीने लिहिलं गेलं. नामदेवराव फेब्रुवारीत वारले. मी ते खोडलं नाही, कारण बैठक त्यांच्याच कामाची होती. भाग्याची चाकाची खुर्ची तिच्या घराच्या उंबरठ्यावरून ज्या फळ्यांवरून जाते, त्यांना वर्षातून एकदा तेल लागतं. बाहेरच्या दोन फळ्या आता फुगायला लागल्या आहेत. त्या गेल्या तर भाग्याला पुन्हा कुणीतरी उचलून घराबाहेर काढावं लागेल. ते तेल कसं करायचं हे नामदेवरावांना येत होतं. आम्हा सहा जणांपैकी कुणालाही येत नाही.

इतिवृत्त मी वेगळं लिहिलं आहे. त्यात त्यांच्याबद्दल जे बसलं नाही ते इथे लिहिते.

नामदेवराव साठीनंतरही कंत्राटावर वर्कशॉपमध्ये राहिले. बुटके, काटक, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. दोन चष्मे, एक डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि नाक मात्र दोन्हींच्या वरताण. ते सगळं हुंगायचे. लाकूड, सरस, तारेचं प्लास्टिक, कॉफीची पूड. कुणी प्रकल्पाचा अहवाल आणून दिला की पानं उलटायच्या आधी नाकाशी धरायचे. "ताजा झेरॉक्स," म्हणायचे. "आज सकाळचा. म्हणजे लिहिलाय काल." पोरं हसायची, कारण ते खरं असायचं.

त्यांचं घर म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये. घराणं मूळ रंगाऱ्यांचं, कापड रंगवणारं आणि छापणारं. आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण आम्ही कचेरीतल्या नोकऱ्या करणाऱ्यांपैकी. दोन्ही घरांत मराठी, दोन्हींत निम्मी कानडी. पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझं बोलणं त्यांनी जरा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, तुमची मराठी फायलीतली. आमची हौदातली. रंग निघत नाही, पण वास येतो."

माझ्या ऑफिसात ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. दाराशी चपला काढायच्या, दोन पावलं आत यायचं, सांगायचं ते उभ्याने सांगायचं आणि जायचं. बसा म्हटलं तर, "बेडा, नको, बसलो की मी पण मीटिंग होतो."

आमच्या कॉलेजात दरवर्षी दुसऱ्या वर्षाची मुलं समाजोपयोगी प्रकल्प करतात. विषय ठरलेले असतात: सर्वांना सामावून घेणारं काहीतरी, पर्यावरणाला झेपेल असं काहीतरी. मुलं हुशार असतात. ऑगस्टमध्ये आंधळ्यांसाठी काठी, सप्टेंबरमध्ये चित्रं, डिसेंबरमध्ये पोस्टर, मार्चमध्ये काठी कपाटावर. मी या सगळ्याची नोंद ठेवते. कोणता गट, कोणता मार्गदर्शक, कोणत्या टप्प्यावर. माझ्या याद्या चांगल्या असतात, हे नामदेवरावही कबूल करायचे. फक्त त्यात एक रकाना नाही म्हणायचे. "ते आज कुठं आहे, हा."

मुलं चित्र घेऊन त्यांच्याकडे गेली की ते चित्राकडे बघायचे नाहीत. विचारायचे, "कॉफी झाली का?" पहिलं वर्षभर मला वाटायचं, माणूस अगत्याचा आहे. मग कळलं की हा नियम होता. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याच्या घरी बसून कॉफी प्यायल्याशिवाय वर्कशॉपमधलं कुठलंही यंत्र सुरू होणार नाही. आणि जाताना हातात वही नाही, फोन नाही, टेप नाही.

मी तेव्हा मुलांसाठी बावीस प्रश्नांचा फॉर्म केला होता. वापरणाऱ्याचं वय, उंची, दिनक्रम, अडचणी, अपेक्षा. नामदेवरावांनी त्याचा गठ्ठा मागून घेतला तेव्हा मला बरं वाटलं. आठवड्याने वर्कशॉपमध्ये गेले तर फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर बिजागऱ्यांचे आकार काढून कापून ठेवलेले.

"हे सुम्ने, उगाच वाया गेलं," मी म्हणाले.

"वाया कुठं? कागद चांगला आहे, जाड." मग माझ्या तोंडाकडे बघून, "प्रश्न पण चांगले आहेत, अक्का. पण बावीस प्रश्न विचारल्यावर माणूस बाविसांचीच उत्तरं देतो. तेविसावं त्याच्या घरात असतं."

भाग्याचा प्रकल्प तीन वर्षांपूर्वीचा. चरण कृष्णराजनगरचा, घरी भातशेती. मेघना म्हैसूरचीच. कुणाच्या तरी ओळखीने त्यांना भाग्याचं नाव मिळालं होतं. बाराव्या वर्षी झाडावरून पडून तिचे दोन्ही पाय गेले. प्रकल्पाच्या वेळी ती बन्नूरच्या कॉलेजात बी.कॉम.ला होती, आणि कॉलेज सुटायच्या बेतात होती. कारण साधं होतं. एका संस्थेने दिलेली चाकाची खुर्ची घरात येत नव्हती, कारण उंबरठा आडवा. खुर्ची अंगणात प्लास्टिकखाली. भाग्या घरात जमिनीवर. रोज सकाळी वडिलांनी तिला उचलून बाहेर नेऊन खुर्चीत ठेवायचं, संध्याकाळी परत. वडील, चिक्कण्णा, ऊसतोडीचं काम करणारे. त्यांच्या कमरेने हात टेकले होते. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलं होतं. भाग्या मला नंतर म्हणाली, "मी जेवण कमी केलं होतं, अक्का. पण हाडांचं वजन कमी होत नाही."

त्या पहिल्या कॉफीला मीही गेले. बसने बन्नूर, तिथून चालत. दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. दाराला जाड लाकडी उंबरठा, कानडीत होसिल, सहा बोटं उंच, हळदीने पिवळा झालेला, मधोमध कुंकू, खाली रांगोळी. कॉफी यायच्या आत चरणने मान तिरकी करून उंबरठा न्याहाळला आणि कानडीत म्हणाला, "सोपं आहे, सर. पाच इंच कापायचा. अर्ध्या तासाचं काम."

कोपऱ्यात भाग्याची आजी निंगम्मा बसली होती, ती फक्त म्हणाली, "आधी माझा पाय काप, मग तो."

चरण गोंधळला. त्याला खरंच कळलं नव्हतं काय चुकलं. नामदेवरावांनी त्याला विचारलं, "मरी, बाळा, तुझ्या घरी होसिल आहे ना?"

"आहे, सर."

"पुजतं कोण?"

"अम्मा. दर शुक्रवारी."

"मग फोन कर तिला. विचार, कापू का म्हणून."

चरणने फोन केला नाही. कान लाल झाले. मुलगा ज्या घरात वाढला त्याच्या दारात हाच उंबरठा होता, पण हातात प्रकल्प आल्यावर त्याला तो फक्त पाच इंचांचा अडथळा दिसला. यावर नामदेवराव त्याला पुढे कधी काही बोलले नाहीत.

दुसरी कॉफी झाली. नामदेवराव ती लोट्यातून वाटीत, वाटीतून लोट्यात इतक्या वेळा ओतायचे की पाहणाऱ्याची तहान भागावी. मग त्यांनी आजीला विचारलं, "अज्जी, होसिलावर पाय द्यायचा नाही. चाकही द्यायचं नाही. बरोबर?"

"लक्ष्मी बसते तिथं."

"आणि वरून गेलं तर? न टेकता. विमान जातं तसं."

आजीने बराच वेळ विचार केला. तिने तो प्रश्न हलक्यात घेतला नाही, आणि त्यांनीही घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "टेकलं नाही तर चालेल. पण मला हळद लावता आली पाहिजे."

परतीच्या बसमध्ये मेघनाने विचारलं, "सर, आता डिझाइन केव्हा करायचं?"

"झालं की. अज्जीने सांगितलं ते."

झालं तेही असंच. चार फळ्या, दोन बाहेर, दोन आत. प्रत्येक चाकाला एक वाट आणि मधे मोकळी जागा, म्हणजे कुंकू आणि रांगोळी झाकली जात नाही. फळ्यांच्या वरच्या टोकांना बुटके पाय. बाहेरची आणि आतली फळी उंबरठ्याच्या वर, अधांतरी, एकमेकींत अडकतात. खाली बोटभर फट. वजन हलकं हवं, कारण भाग्याला खुर्चीत बसून एका हाताने फळी ओढता यावी, असं नामदेवरावांचं म्हणणं. म्हणून आत बांबूच्या पट्ट्या आणि वर उसाच्या चिपाडाचा दाबून केलेला तक्ता. चिपाड बन्नूरला हवं तेवढं मिळतं. अहवालात मेघनाने यावर चार पानं लिहिली. नामदेवराव म्हणाले, "लिही. पण ती उचलते की नाही, तेवढं बघू."

ऑक्टोबरातल्या एका सकाळी फळ्या बसवल्या. भाग्याने आतल्या फळीवर चाकं घेतली, दोन रेटे दिले आणि पडवीत आली. तिचे वडील जागेवरून उठले होते, नेहमीसारखे, हात पुढे करून. "अप्पा, बस," ती म्हणाली. ते उभेच राहिले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, मग त्यांनी खांब धरला. भाग्या अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत घरात गेली. मग पुन्हा बाहेर आली. असं पाच वेळा. पाचव्या वेळी तिच्या आईने विचारलं, "काय राहिलं गं बाहेर?" भाग्या म्हणाली, "काही नाही. बघतेय."

आजीने तोवर फटीत बोट घालून उंबरठ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत हळद लावून पाहिली. मग नामदेवरावांकडे बघून मान हलवली. मी अनेक परीक्षक पाहिले आहेत. त्या मानेइतका स्पष्ट शेरा कुणी दिलेला नाही.

सहा आठवड्यांनी भाग्याचा फोन आला. बाहेरच्या फळ्या खालून फुगल्या होत्या. तक्ता पापडासारखा सुटत होता. आम्ही गेलो. चरणने त्या फळ्यांवर पोती ठेवून वजनाची चाचणी घेतली होती, महिनाभर उन्हात ठेवल्या होत्या. "पावसाचा विचार केला होता, सर," तो म्हणाला. "पडवीला पत्रा आहे."

नामदेवराव खाली बसले, फळीचं टोक हुंगलं. "शेण," म्हणाले. मग भाग्याच्या आईकडे बघून, "रोज?"

"रोज," ती म्हणाली. "सडा नको घालू?"

दारात सडा. पहाटे उठून पाणी, शुक्रवारी शेणपाणी. या गावातली प्रत्येक बाई घालते. आमच्यापैकी प्रत्येकाच्या आईने घातलेला. बावीस प्रश्नांत तो नव्हता, पण मला सांगायला हवं की दोन कॉफ्यांतही तो निघाला नव्हता. "माझं चुकलं," नामदेवराव म्हणाले. "आपण नेहमी दहा वाजता आलो. दहापर्यंत अंगण वाळतं." त्यानंतरच्या वर्षी नियमात भर पडली: एक कॉफी सकाळी सहाची.

महादेवय्या तेव्हा त्यांच्या हाताखाली होते. त्यांनी दुकानातलं व्हार्निश लावून पाहिलं. पाणी थांबलं, पण ओल्या फळीवर चाक घसरलं आणि भाग्याचं कोपर सोलपटलं. तिने ते आम्हाला सांगितलं नाही. आजीने सांगितलं. नामदेवरावांनी त्याच दिवशी व्हार्निश खरवडून काढलं.

मग त्यांनी ते तेल केलं. रंगाचं काम हातचं गेलं तेव्हा त्यांचे आजोबा बैलगाड्यांवर घालायची मेणकापडं करत. जवसाचं तेल, त्यात राळ, मंद आचेवर तासन्‌तास. शेवटी विटेची बारीक चाळलेली पूड, म्हणजे चाकाला पकड राहते. जाड कापडाला लावायचं ते त्यांनी फळीला लावलं. तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. संक्रांतीनंतरचं ऊनच पाहिजे, आधीचं नको आणि नंतरचं नको. त्या फळीवर बोट फिरवलं की मांजराने चाटल्यासारखं वाटायचं. पाणी पडलं की थेंब होऊन पळायचं.

मार्चमध्ये बेंगळुरूला स्पर्धा होती. बाकीचे गट आपापली वस्तू घेऊन आले होते. आमच्या टेबलावर फोटो होते फक्त. परीक्षक तीन, सुटाबुटातले, सभ्य. त्यांनी विचारलं, "मूळ वस्तू कुठे आहे?"

"दारात आहे," नामदेवराव म्हणाले. "मुलगी कॉलेजला गेली आहे. फळ्या इथं आणल्या तर ती घरात कशी जाणार?"

"लाभार्थी किती?"

"एक."

"हे किती ठिकाणी बसवता येईल?"

"दुसरा होसिल बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मेघनाने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. एका परीक्षकाने हसून विचारलं, "मग यात नवं काय आहे, राव?" नामदेवरावांनी खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाले, "मुलीच्या वडिलांची कंबर." आम्हाला सहभागाची प्रमाणपत्रं मिळाली. परत येताना मद्दूरला गाडी थांबली तेव्हा नामदेवरावांनी सगळ्यांना वडे खाऊ घातले आणि प्रमाणपत्राचा कागद हुंगून सांगितलं, "छपाई चांगली आहे."

पुढच्या जानेवारीत तेलाची दुसरी पाळी आली. फळ्या वर्कशॉपमध्ये आणल्या, वाळायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस भाग्या घरात. नववा दिवस तिच्या परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा होता, आणि तो थोडक्यात साधला. फळ्या बसवून परत आल्यावर नामदेवरावांनी वर्कशॉपमध्ये चार नव्या फळ्यांसाठी बांबू चिरायला घेतले. एक जोड दारात, एक तेलात. दर वर्षी अदलाबदल. भाग्याने एक दिवसही आत राहायला नको. कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याही गटाचा तो प्रकल्प नव्हता, त्यामुळे माझ्या यादीतही नव्हता.

यादीत मी एक गोष्ट मात्र घातली होती. तेलाची कृती लिहून ठेवायची. मी त्यांना एक तक्ता करून दिला: साहित्य, प्रमाण, वेळ, तापमान, दक्षता. चार दिवसांनी कागद परत आला. साहित्याच्या रकान्यात तीन नावं. दक्षतेच्या रकान्यात: "इंदूला सांगू नये." बाकी रकान्यांवर आडवी रेघ मारून त्यावर एकच शब्द लिहिलेला: "या."

ते दाराशी उभे होते. मी म्हणाले, "राव, मला आकडा द्या. एक लिटरला राळ किती?"

"राळ दर वेळी वेगळी येते, अक्का. जुनी, नवी, ओली. आकडा दिला तर तुम्ही आकडा घालाल. वास बदलतो ना, पहिला कच्चा असतो, मग कडू, मग एकदम गोड होतो, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा नाही, त्याच्या स्वल्प आधीचा. तिथं थांबायचं. तो वास तुम्हाला एकदा दाखवला की आयतु, झालं. तुमच्या नाकात लिहून ठेवतो."

मी हसले आणि कागद फायलीत लावला. वर शेरा लिहिला: अपूर्ण.

या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मी पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून चालले होते. विभागवार आढावा होता, हातात आठ गटांच्या फायली. खाली शेडसमोर उन्हात तीन विटांवर ॲल्युमिनियमचं पातेलं होतं आणि त्यावर नामदेवराव वाकलेले. डावा हात वाफेवरून नाकाकडे हळूहळू ओढत होते, देवाची आरती घ्यावी तसा. मुलं कुणी नव्हती, परीक्षा चालू होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"अक्का, या. आता येतोय."

"राव, आढावा आहे. सोमवारी नक्की."

"सोमवारी हा नसतो."

"मग पुढच्या वेळी करताना मला आदल्या दिवशी सांगा. मी लिहून ठेवते."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, माझ्याकडे जरा बघितलं. रागाने नाही. कुणाची तरी बस सुटताना आपण बघतो तसं. "आयतु," म्हणाले आणि पुन्हा पातेल्याकडे वळले. मी जिन्यावरून वळेपर्यंत त्यांची पाठ दिसत होती, दुमडलेल्या बाह्या, आणि तो हात, वाफ ओढणारा.

सोमवारी मी खरंच गेले. शेडमध्ये नव्या जोडाच्या आतल्या दोन फळ्या भिंतीला टेकवून वाळत होत्या, आधीच्या तेलाचे तिन्ही हात झालेल्या. बाहेरच्या दोन, ज्यांच्यासाठी शुक्रवारचं तेल होतं, कोऱ्या. नामदेवराव तापाने घरी होते. पुढच्या सोमवारी ते नव्हते.

आता बैठकीचं. फेब्रुवारी ते जून हे काम कुणाच्याही यादीत नव्हतं. या महिन्यात भाग्याचा फोन आला तेव्हा आलं. आधी टिनात उरलेलं तेल पाहिलं. ते दगडासारखं झालं आहे आणि त्याला कसलाच वास नाही. चरणने पहिल्या वर्षी लाकडं आणून दिली होती, त्याला आठवतं की राळ मूठभर घातली. कुणाची मूठ, हे महादेवय्यांनी विचारलं. मेघनाने इंदूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यांची मूठ लहान. माझ्या बांगड्या चढायच्या त्यांना."

संक्रांतीनंतरचं ऊन आता नाही, पण जानेवारीपर्यंत फळ्या टिकणार नाहीत, म्हणून आम्ही दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा तेल चिकट राहिलं, फळीच्या तुकड्यावर पाचव्या दिवशीही पानं आणि मुंग्या. दुसऱ्यांदा कडक झालं आणि भेगा पडल्या. महादेवय्या म्हणाले, लोखंडाचा उतार दोन दिवसांत करून देतो. मी भाग्याला विचारलं. ती म्हणाली, "बसेल, अक्का. पण तो मला उचलता येणार नाही. मग अम्माच लागणार."

शनिवारचा प्रयत्न तिसरा होता. इंदूबाईंना त्यासाठीच बोलावलं होतं. त्यांनी हे घरी कधी होऊ दिलं नव्हतं, कपड्यांना वास लागतो म्हणून. पण शर्ट त्याच धूत होत्या. स्टुलावर बसून त्या पातेल्याजवळ नाक नेऊन वास घेत होत्या. कच्चा, म्हणाल्या. बऱ्याच वेळाने, "कडू." चरणने जाळ कमी केला. इंदूबाईंनी पदर नाकावरून काढला, पुन्हा वास घेतला, डोळे मिटले.

"जवळ आहे," त्या म्हणाल्या. "पण हा नाही." आणि जरा थांबून, "गेला बहुतेक. आत्ताच होता."

मेघनाने जाळ विझवला. मी घड्याळ पाहून वेळ लिहिली, मग पुढे राळेचं वजन लिहिलं, तेलाचं माप लिहिलं. या वेळी सगळे आकडे आहेत. भाग्या फोनवर होती, तिला सांगितलं. ती आता गावातल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बसते, बिलं करते.

"घाई नाही, अक्का," ती म्हणाली. "अम्मा धरते फळी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. संध्याकाळी तिला कामावरून लवकर यावं लागतं, तेवढंच."

चौथा प्रयत्न पुढच्या शनिवारी, त्याच वेळी. इंदूबाई येणार आहेत. मी आढाव्याची वेळ बदलून घेतली आहे आणि पहिल्या मिनिटापासून पातेल्याजवळ उभी राहणार आहे, हातात कागद न घेता.

शिल्लक काम: बाहेरच्या दोन फळ्या. तेल लावलेलं नाही.